घाबरणं म्हणजे भिणं नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत शब्दांच्या सदरात 'भिणे' आणि 'घाबरणे' यांच्याविषयी चार ओळी आल्या होत्या. दोन्हींचा अर्थ एकच, 'भिणे' हा जुना आणि गावाकडचा, 'घाबरणे' हा आजचा आणि प्रमाण, असं त्यात म्हटलं होतं. मी भाषेची अभ्यासक नाही. १९८६ पासून ३५ वर्षं सरकारी दवाखान्यांत परिचारिका होते, २०२१ साली परिसेविका, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. पण या दोन शब्दांतला फरक मी एका बाईच्या मरणातून शिकले आहे, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही. पत्र लांबेल. जागा नसेल तर मधलं कापा, पण आजींची हकिकत आणि शेवटची विनंती तेवढी ठेवा.

२००९ चा जानेवारी. सातारा जिल्ह्यातलं तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय. माझी रात्रपाळी होती. साडेनऊच्या सुमाराला एक आजी आल्या, सत्तरीच्या आसपासच्या. दहा किलोमीटरवरच्या वाडीतून जीपमधून आणलेल्या, बरोबर सून. चालत आत आल्या आणि बाकावर बसल्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "बाई, मला घाबरं घाबरं हुतंय. जीव कसातरीच हुतोय." सून म्हणाली, "सांजच्यापारनं असंच म्हणत्यात. जेवल्याबी न्हाईत." आजींना साखरेचा आजार होता, गोळ्या चालू होत्या. छातीत दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाल्या.

डॉक्टर नवीन होते, बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी सेवा करायला आलेले. माणूस चांगला, कामाला कधी नाही म्हणायचे नाहीत. शहरात वाढलेले. त्यांनी आजींच्या पाठीवर हात ठेवला आणि मायेनं विचारलं, "कशाला घाबरता आजी? घरी काही झालं का?" आजींनी त्यांच्याकडे जरा नवलानं पाहिलं. "न्हाय वं डाक्टर. भ्यायला काय झालंय मला? घाबरं हुतंय." डॉक्टरांना वाटलं, म्हातारी एकच गोष्ट दोनदा सांगतेय. मला मात्र कळलं होतं की त्या दोन वेगळ्या गोष्टी सांगताहेत. केसपेपरवर 'अँग्झायटी', म्हणजे मनाची चिंता, असं लिहिलं गेलं, एक गोळी दिली गेली आणि थोडा वेळ बसा, बरं वाटेल, घाबरू नका, असं सांगून डॉक्टर पलीकडे एका अपघाताच्या पेशंटला टाके घालायला गेले.

मी आजींचा हात हातात घेतला. गार, ओलसर. नाडी बारीक, बोटाखालून निसटणारी. आणि त्यांच्या चोळीची पाठ घामानं चिंब होती. जानेवारीतली रात्र, आम्ही सगळ्या स्वेटर घालून होतो. माझी आई असंच म्हणायची, साखर खाली गेली की, "घाबरं होतंय गं." म्हणून मी आधी साखर बघितली. ती बरी होती. मग मी पलीकडे जाऊन विचारलं, "सर, ईसीजी काढू का?" "टाके होऊ देत सिस्टर, मग बघू," असं उत्तर आलं. आमच्याकडे मशीन होतं, लावता मला येत होतं. त्याच मिनिटाला मला काढता आला असता. मी थांबले. वीस-पंचवीस मिनिटं गेली. शेवटी पट्टी निघाली तेव्हा दुसऱ्या, तिसऱ्या आणि एव्हीएफ लीडमध्ये रेषा वर उचललेली होती. हृदयविकाराचा झटका. ॲस्पिरिन चघळायला दिली, सलाईन लावलं, रुग्णालयाच्या गाडीतून जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. पहाटे तिथे त्या गेल्या.

वेळेवर ईसीजी निघाला असता तर त्या वाचल्या असत्या, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण असा रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघाला पाहिजे, हे शास्त्र आहे, आणि तो निघाला नाही. डॉक्टरांना शब्द कळला नव्हता. मला कळला होता, तरी मी पुढे झाले नाही, कारण मी भ्याले. नवीन साहेब चिडतील, सगळ्यांसमोर बोलतील, याला भ्याले. त्या रात्री घाबऱ्या झालेल्या आजी होत्या आणि भ्यालेली मी होते. हे दोन शब्द एक आहेत असं कुणी छापलं की मला तो बाक दिसतो.

आता शब्दांकडे येते. 'घाबरा' म्हणजे मुळात ज्याची घडी विस्कटली आहे असा, गडबडलेला, अस्वस्थ, धाप लागलेला. मोल्सवर्थच्या कोशात (१८५७ ची आवृत्ती) 'घाबरा'चा अर्थ गोंधळलेला, गडबडून गेलेला असाच दिला आहे. 'घाबराघुबरा होऊन आला' म्हणतो तेव्हा तो माणूस भ्यालेला असेलच असं नाही. पोराला पहिला नंबर मिळाल्याचं सांगायलाही माणूस घाबराघुबरा धावत येतो. 'घाबरगुंडी उडाली' यातही गडबडच आहे. भीतीनं माणसाची ही अवस्था होते, म्हणून घाबरणं हळूहळू भिण्याच्या जागेवर येऊन बसलं. पण धाप लागून, साखर उतरून, रक्त कमी होऊन, हृदय बिघडूनही तीच अवस्था होते, आणि आमच्या आईच्या वयाच्या बायका तिला आजही 'घाबरं होणं'च म्हणतात.

क्रियापद ऐकलं तरी फरक कळतो. भीती 'वाटते'. उलटी 'होते', चक्कर 'येते', घाबरं 'होतं'. इथे वाटणं मनाचं, होणं शरीराचं. "मला घाबरल्यासारखं होतंय" या वाक्यात मनाचा संबंध असेलच असं नाही. आपल्या भाषेनं या बाबतीत फार बारीक काम करून ठेवलंय. धडकी भरते. कापरंही भरतं. धास्ती वाटते, पण धसका मात्र घेतला जातो, आणि तो आत राहतो. मुलगा अपघातात गेल्यावर धसका घेऊन अंथरूण धरलेले वडील मी पाहिलेत, त्यांना तपासण्यांत काही निघत नाही. दचकणं क्षणाचं. बिचकणं जरा लांबतं. बैल बुजतो, माणूस बोलायला कचरतो, काही ऐकून मनात चरकतो. हे सगळं आता एका 'घाबरणे'त कोंबलं जातंय. माझा नातू पुण्यात शिकतो. तो दचकतो तेव्हाही घाबरतो, बिचकतो तेव्हाही घाबरतो, आणि परीक्षेची धास्ती असते तेव्हाही घाबरलेलाच असतो. त्याच्याकडे दुसरा शब्दच नाही.

आणि 'भिणे'. हा शब्द गावठी आहे असं म्हणणाऱ्यांनी मनाच्या श्लोकांतली ही ओळ आठवावी: "भवाच्या भये काय भीतोस लंडी, धरी रे मना धीर धाकासि सांडी." तिन्हीसांजेला दिव्यापुढे बसवून वडील आमच्याकडून म्हणवून घ्यायचे. एवढ्याशा जागेत भय आहे, भिणं आहे, धीर आहे आणि धाकही आहे, आणि प्रत्येक आपापल्या जागी. धाक दुसऱ्याचा असतो, भितो आपण. शिवाय भिण्याला समोर कुणीतरी लागतं. तो कुत्र्याला भितो, ती सासऱ्याला भिते, कुणी पापाला भितो. "देवाला भिऊन वाग" असं आजी सांगायची. त्या जागी "देवाला घाबरून वाग" म्हणून पाहा, अर्थच पालटतो. भिणारा कुणाला तरी ओळखून भितो. घाबरणाऱ्याला समोर कुणी असावंच लागत नाही. कुणाच्या बापाला न भिणाराही जिन्यात धाप लागून घाबरा होतो.

रूपंही सुटत चाललीत. मी भ्याले, तो भ्याला, ती भ्याली, भ्यालेलं पोर. आमच्या हाताखाली शिकायला येणाऱ्या मुली 'भ्याले' म्हटलं की तोंडाला रुमाल लावून हसायच्या. "मॅडम, असं कोण म्हणतं?" आपल्याकडे रिक्षाच्या मागे, ट्रकच्या मागे स्वामींचं वाक्य असतं, 'भिऊ नकोस, मी तुझ्या पाठीशी आहे.' ते रोज वाचतात आणि भिणे जुना शब्द म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं. त्या वाक्यात 'घाबरू नकोस' घालून बघा. पाठीशी कुणी असण्याचा त्याच्याशी मेळच बसत नाही.

माझी पहिली नेमणूक विदर्भात झाली होती. १९८६ साल, मी तेवीस वर्षांची, बुलढाण्याकडचं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. पहिल्याच आठवड्यात रात्री पहिलटकरीण आली. वेणा सुरू, दिवे गेलेले, कंदील. तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "बाई, मले भेव लागते." मी साताऱ्याची, मला वाटलं ही चुकीचं बोलतेय, भीती वाटते, लागत नाही. दोन वर्षं तिथे काढल्यावर कळलं की तिथे भेव लागतंच, तहान-भूक लागते तसं. आमच्याकडे शेतात काम करणारी बाई "भ्या वाटतंय" म्हणते. मालवणकडची एक सिस्टर माझ्याबरोबर होती, ती पेशंटला सुई टोचताना "भियाव नको, भियाव नको" म्हणायची. गोव्यात भंय 'दिसतं', म्हणजे वाटतं. भेव, भ्या, भंय, ही सगळी एका घरातली भावंडं. आता पुण्यातल्या, मुंबईतल्या मुलांच्या तोंडी "मला डर लागतो" ऐकते तेव्हा वाईट वाटतं ते 'लागतो'चं नाही, 'लागते' वऱ्हाडात शोभून दिसतं. आपल्या घरातले एवढे शब्द असताना पोराला बाहेरून मागून आणावा लागतो, याचं वाटतं.

त्या रात्री त्या मुलीला मी काय केलं? काही नाही. मनगट सोडवलं नाही, एवढंच. एका हातानं जेवढं करता येईल तेवढं केलं. भ्यालेल्या माणसाचा उपाय बहुतेक वेळा एवढाच असतो. घाबऱ्या झालेल्या माणसाला नुसता धीर देऊन भागत नाही, त्याची नाडी, रक्तदाब, साखर, ऑक्सिजन बघावा लागतो.

हा फरक सर्पदंशात सर्वांत चांगला कळतो, आणि शिकायला आलेल्या मुलींना मी तिथेच दाखवायची. भातलावणीच्या दिवसांत एक बाई आली होती. पायाला चावलं, गवतात वळवळलं, एवढंच तिला माहीत. थरथरत होती, रडत होती, "माझी लेकरं, माझी लेकरं" करत होती. काचेच्या स्वच्छ कोरड्या नळीत तिचं दोन मिलिलिटर रक्त घेऊन ठेवलं. वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. नंतर तिरकी केली तर रक्त घट्ट गोठलेलं, म्हणजे रक्त पातळ करणारं विष अंगात नाही. पायाला सूज नाही, पापण्या सरळ. चोवीस तास ठेवून घेतलं, काही झालं नाही. ती भ्यालेली होती. त्याच पावसाळ्यात एका पहाटे एक माणूस आला. जमिनीवर झोपलेला, कशानं चावल्याचं त्याच्या ध्यानातही नाही. रडणं नाही, थरथर नाही. शांतपणे म्हणाला, "पोटात दुखतंय आन् जीव घाबरा हुतोय." अंगावर कुठे सूज नाही, पण बोलता बोलता पापण्या खाली येत होत्या, उचलता येत नव्हत्या. मण्यार. त्याला प्रतिविष चालू केलं आणि श्वास देणारा फुगा दाबत दाबत वरच्या दवाखान्यात पोचवला. तो वाचला. त्या वेळी ड्युटीवरचे डॉक्टर कोल्हापूरकडच्या खेड्यातले होते. 'जीव घाबरा' हे दोन शब्द कानावर पडताच ते खुर्चीतून उठले होते.

तुमच्या पहिल्या पानाबद्दलही एक सांगते. बिबट्या दिसला की मथळा ठरलेला असतो: 'ग्रामस्थांत घबराट'. माझा भाऊ कराडजवळ ऊस करतो. शेतीच्या पंपाला वीज रात्रीची असली की बॅटरी आणि काठी घेऊन बारी धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला, एकटा जातो. फडात बिबट्या आहे हे त्याला माहीत आहे, बांधावर ठसे बघितलेत. तो भितो. त्याची बायको त्याच्याहून जास्त भिते, तो येईपर्यंत दाराशी बसून राहते. पण तो घाबरत नाही. बोलत बोलत, काठी आपटत चालतो, वाकून काम करताना पाठीमागे बॅटरी ठेवतो. याला घबराट म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. गर्दी उसळून पळापळ होते ती घबराट. रात्री-रात्री पाण्याला जाणाऱ्या माणसाला असते ती धास्ती.

घाबरणं हा शब्द बरोबर कुठे वापरला गेला, तेही सांगितलं पाहिजे. २०२० साली जिकडे तिकडे एक वाक्य होतं, 'घाबरून जाऊ नका, काळजी घ्या.' ते अगदी नेमकं होतं. भिण्यासारखं होतंच, भिऊ नका म्हणणं खोटं ठरलं असतं. गडबडून जाऊ नका, एवढंच सांगायचं होतं. मी त्या वेळी निवृत्तीला आलेली, वॉर्डात पीपीई किट घालून. आम्ही सगळ्या भीत होतो. घरी जाताना दारातच अंघोळीचं पाणी मागायचो. आणि त्याच वॉर्डात एक वेगळं बघितलं. बोटाला लावलेलं यंत्र ऑक्सिजन ८२ दाखवतंय आणि माणूस मोबाइलवर गप्पा मारतोय, जीव जराही घाबरा नाही. म्हणून मी असं म्हणत नाही की शब्द ऐकला की निदान झालं. शब्द ऐकून आपण उठावं, एवढंच म्हणते.

आता विनंती. २९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन येतो. आपली आरोग्य पुरवणी दरवर्षी त्या दिवशी लक्षणांची चौकट छापते. गेल्या वर्षीची मी जपून ठेवली आहे. तिच्यात 'छातीत वेदना, डाव्या हाताकडे वा जबड्याकडे पसरणारी कळ, श्वसनास त्रास, अतिघाम, अस्वस्थता' असं आहे. सगळं खरं आहे. पण साखरेचा आजार असलेल्यांना, वय झालेल्यांना आणि बायकांना छातीत दुखल्याशिवायही झटका येतो, आणि यातली एकही बाई घरात सुनेला "मला अस्वस्थता जाणवते" म्हणणार नाही. ती काय म्हणते ते मी ३५ वर्षं ऐकलं आहे. कृपा करून यंदा त्या चौकटीत 'अस्वस्थता'च्या पुढे हे शब्द घाला: घाबरं होणं, घाबरल्यासारखं होणं, जीव घाबरा होणं, जीव कसातरीच होणं. आणि त्याखाली एक ओळ: असं कुणी म्हटलं, त्यात गार घाम असेल, तर "घाबरू नका" म्हणून बसवून ठेवू नका, १०८ ला फोन करा. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर गाडी येईपर्यंत साखर तपासा. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर, गिळता येणारा असेल, तर लगेच साखरपाणी द्या. साखर बरी असेल तर तो दवाखान्याचाच पेशंट आहे.

चौकट लहान असते हे मला माहीत आहे. जागा करायला 'अतिघाम'च्या जागी 'गार घाम' लिहिलं तरी चालेल, अक्षरं तेवढीच लागतील.

आपली,
एक निवृत्त परिसेविका
वाई, जि. सातारा